मध्यरेषेजवळची खुर्ची

वल्लरीचा डावा घोटा प्रेरणाच्या मुठीत होता, कमरेला आणखी दोघी लटकल्या होत्या, आणि तरीही ती पोटावर सरपटत मध्यरेषेकडे येत होती. "कबड्डी, कबड्डी" म्हणता म्हणता तिचा आवाज पातळ झाला होता. कार्ल्याच्या शाळेच्या मैदानावर बसलेलं कोणी बसून राहिलं नाही. तिने हात लांबवला, धूळ उडाली आणि शिट्टी वाजली.

अंतिम सामन्याची ही शेवटची चढाई, आणि गुण सारखे. दम सुटायच्या आधी हात रेषेला लागला असेल तर वल्लरीचं लोणावळा जिंकलं, नाहीतर प्रेरणाचं औंढे. एका पंचाने लोणावळ्याच्या बाजूने हात केला, समोरच्याने औंढ्याच्या. मुख्य पंच मुलींच्या ढिगामागे होते, त्यांना काहीच दिसलं नव्हतं. लोकांनी मोबाईल पुढे केले. प्रत्येक मोबाईलमध्ये पुढे उभ्या असलेल्या माणसाची पाठ होती.

मध्यरेषेच्या अगदी टोकाला प्रमुख पाहुण्यांची खुर्ची होती. तिच्यात गंगाधरराव बसले होते. डोक्याला आयोजकांनी बांधलेला फेटा, मांडीवर नातीची ग्लुकोजच्या पाण्याची बाटली. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाल्यापासून वल्लरीला रोज सरावाला नेण्या-आणण्याचं काम त्यांनी घरात दुसऱ्या कोणाला करू दिलं नव्हतं. पाहुणे म्हणून यायचं त्यांनी कबूल केलं तेव्हा तिचा संघ इथवर पोचेल असं कोणाच्या मनातही नव्हतं.

"जजसाहेबांना इचारा," गर्दीतून एक म्हातारी म्हणाली. प्रेरणाची आजी, औंढ्याच्या कस्तुराबाई. "रेषेवरच बसल्यात ते."

"आजी, ती त्यांची नात हाय," प्रेरणा धापा टाकत म्हणाली.

"असू दे की. आपल्या जमिनीचा निकाल यांनीच दिलता. आपुन हरलो, पर निकाल खरा व्हता. ते म्हनतील ते आमाला मान्य."

औंढ्याच्या माणसांनी माना डोलावल्या. मुख्य पंच माईक घेऊन खुर्चीपाशी आले. वल्लरी धुळीत उठून बसली होती आणि आजोबांकडे बघत होती. ते काय सांगणार याबद्दल तिला जराही शंका नव्हती.

"हात लागला होता ना?" शेजारी बसलेल्या अरुंधतीबाईंनी नवऱ्याला हळूच विचारलं.

"मला तरी लागलेला दिसला."

"मग सांगा ना तसं."

"मला तो लागलेलाच हवा होता गं. म्हणून नाही सांगता येत."

त्यांनी माईक घेतला. "ती माझी नात आहे. हा निर्णय मी देणार नाही. पंचांनी द्यावा."

लोणावळ्याच्या बाजूने एकच कल्ला झाला. पंच आपापसात बोलले आणि त्यांनी जाहीर केलं की शेवटची चढाई पुन्हा होईल.

वल्लरी खुर्चीपाशी आली. कोपर सोललं होतं, त्याला माती चिकटली होती.

"तुम्ही बघितलंत. मला माहितीये," ती म्हणाली.

"बघितलं."

त्यांनी बाटली पुढे केली. ती न घेताच वल्लरी वळली आणि मैदानात गेली.

गंगाधररावांनी फेटा उतरवून खुर्चीवर ठेवला, शर्टावरचा पाहुण्याचा बिल्ला काढला आणि ते उठले.

"आता कुठे निघालात?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

"तिकडे. या खुर्चीत बसून ओरडता येत नाही."

मैदानाला वळसा घालून ते लोणावळ्याच्या पोरींच्या घोळक्यात मातीवर जाऊन बसले. शिट्टी झाली. वल्लरीने दम घेतला आणि ती औंढ्याच्या अंगणात शिरली. आणि गंगाधररावांनी तोंड उघडलं.

"वल्ले, डावा कोपरा! कोपरा बघ, ती खाली बसलीये! वाक!" ते गुडघ्यांवर उठले, मग उभे राहिले, पुढच्या पोरीच्या खांद्यावर थापा मारायला लागले. ज्यांनी त्यांना कोर्टात पाहिलं होतं ते सामना सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले. वल्लरीने पाय फेकला, एकीला शिवून गिरकी घेतली. "निघ, आता निघ!" त्यांचा आवाज चिरकला. पंचांनी शिट्टी तोंडातून काढली आणि त्यांच्याकडे बोट केलं. "साहेब, बसून घ्या. बाहेरून सूचना द्यायच्या नाहीत." गंगाधरराव "सॉरी, सॉरी" म्हणत बसले आणि पुढच्याच क्षणी पुन्हा उभे राहिले.

प्रेरणाने झेप घेतली. या वेळी घोटा नाही, दोन्ही मांड्यांना मिठी. वल्लरी पडली, हात लांबवला, बोटं ताणली. रेषा वीतभर लांब राहिली आणि दम सुटला.

दोन्ही पंचांचे हात एकाच बाजूला गेले. लोणावळ्याकडूनही कोणी हरकत घेतली नाही. औंढ्याच्या मुली प्रेरणावर तुटून पडल्या आणि हलगी कडाडली.

टेबलावर चषक मांडला गेला. निकाल जाहीर करायचा मान पाहुण्यांचा, म्हणून गंगाधररावांना पुन्हा बोलावलं. मातीने भरलेल्या पँटनेच ते गेले, माईक घेतला, तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्यांनी खाकरून पुन्हा प्रयत्न केला. घसा पार गेला होता.

"आवाज गेला व्हय साहेबांचा," कस्तुराबाई म्हणाल्या, आणि सगळं मैदान हसलं.

वल्लरी हसली नाही. हरलेल्या मुलींच्या रांगेत ती मान खाली घालून उभी होती. गंगाधरराव माईक धरून तसेच उभे राहिले, एकदा माईककडे, एकदा लोकांकडे बघत.

रांगेतून ती बाहेर पडली. डोळे मनगटाने पुसत टेबलापाशी आली, आजोबांच्या हातातून माईक काढून घेतला, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "विजेता संघ, औंढे."