गोणपाटाची वाटणी

"तुझ्या म्हशीला उवा पडल्यात म्हणं? आमच्या गोठ्यात असली घाण चालत नाही बाई!" डेअरीच्या रांगेत थोरल्या जावेनं तोंड सोडलं. बाया फिदीफिदी हसल्या. शेवंताच्या अंगाचा तिळपापड झाला.

भर थंडीत ती म्हशीला रोज खरारा करत होती. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेलं औषध तिनं लावलं, पंधरा दिवसांनी पुन्हा लावलं. तरी म्हैस खांबाला अंग घासतच होती.

वैतागून तिनं डॉक्टरीणबाईंना गोठ्यात आणलं. त्यांनी म्हशीच्या पाठीवरचं गोणपाट उन्हात धरलं. शिवणीत उवा वळवळत होत्या.

"हे आणखी कुठल्या जनावराला घालता?"

शेवंता चमकली. घराच्या वाटण्या झाल्या, तरी सासऱ्यांनी शिवलेलं हे गोणपाट दोघी जावांत एकच राहिलं होतं. एक दिवस हिच्या म्हशीला, एक दिवस तिच्या. आणि जावेनं औषधाला हातही लावला नव्हता. तिच्या म्हशीला उवा होणं शक्यच नव्हतं ना!

दुसऱ्या दिवशी भरल्या रांगेत शेवंतानं ते गोणपाट जावेच्या पायाशी आदळलं.

"आक्का, एवढी एक वाटणी राहिली होती. घ्या, तुमच्या उवांसकट!"