पहिल्या नंबरचं बक्षीस

पहिला नंबर आला की वडील मुलीच्या हातावर कौतुकाने नोटा ठेवायचे. आईच्या हातात मात्र त्यांनी कधी सुटे पैसेही पडू दिले नव्हते. भाजी ते स्वतः आणायचे, तिला शेजारीसुद्धा जाऊ द्यायचे नाहीत.

मुलगी त्या नोटा गुपचूप आईकडे द्यायची. “मावशीकडे जायला दोघींच्या तिकिटापुरते जमले की निघायचं,” असं कुजबुजायची. आई मन लावून तिचा अभ्यास घ्यायची.

वार्षिक परीक्षेतही मुलगी पहिली आली. वडील जाम खूश झाले.

“यंदा पैसे नाहीत, थेट नवी सायकल!”

आईचा चेहरा खर्रकन उतरला. मुलीने एकदा आईकडे पाहिलं. मग म्हणाली,

“चालेल बाबा. फक्त मजबूत कॅरियरवाली घ्या. मागे मोठं माणूस बसेल अशी.”