नवसाचे पाय

"माई, हात जोडून सांगते, चपला घाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पट्टीला गाठ मारून उठल्या. "अंगठा काळा पडत चाललाय. साखर आटोक्यात नाही. आता एखादा खडा जरी रुतला ना, तर पाऊल कापावं लागेल."

"कापा," माई म्हणाली. "अण्णांनी जन्मभर पाळलं. मला उरलेले चार दिवस जमणार नाहीत होय?"

डॉक्टरीणबाई ओरडण्यात पटाईत, पण बाहेरच्या खोलीत लोक जमले होते. त्यांनी बॅग उचलली आणि जाता जाता माईच्या लेकाला खूण केली, तुम्ही तरी समजवा. लेक खिडकीबाहेर बघत राहिला.

अण्णांना जाऊन महिना होत आला होता. त्यांच्या आठवणी सांगायला आज सगळी गल्ली लोटली होती. आठवणींना काय तोटा! देवमाणूसच तो. दुकानांतले वजनकाटे तपासायची सरकारी नोकरी, पण कुणाच्या चहालाही कधी शिवले नाहीत. सकाळी प्रार्थना, संध्याकाळी घर. ना विडी, ना काडी. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे तो नवस.

लेक तान्हा असताना तापानं फणफणला होता. डॉक्टरांनी हात टेकले. अण्णा तडक देवाच्या दारात गेले, पायातल्या चपला तिथंच सोडल्या आणि म्हणाले, पोर जगू दे, मी जन्मात पायात काही घालणार नाही. उजाडता उजाडता ताप उतरला. तेव्हापासून अण्णा घरातून निघत ते अनवाणी आणि परतत ते अनवाणी. मग ऊन असो की चिखल.

माईनं तरी त्या पायांची किती सेवा करावी! रोज संध्याकाळी कोमट पाणी, मग तेल. एवढं चालून तळव्याला एक भेग म्हणून नाही. लोण्यासारखे पाय! "देव त्यांना अलगद उचलून नेतो गं," ती बायकांना सांगायची. बायका एकमेकींकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "नेत असेल बाई."

त्या पायांपुढे तिला कधी नाही म्हणता आलं नाही. शाळेतली नोकरी सोड म्हणाले, सोडली. माहेरी जायचं नाही म्हणाले, नाही गेली. आई वारली तेव्हासुद्धा नाही. ज्यानं आपल्या पोरासाठी पाय पोळून घेतले, त्याच्याशी भांडायचं कुठल्या तोंडानं? मनातल्या मनात चडफडायची आणि तेलाची वाटी घेऊन बसायची.

ती लंगडत बाहेरच्या खोलीत आली तेव्हा किराणावाला बोलत होता.

"रोज माझ्या दुकानावरून जायचे. पण माझ्या काट्याकडे कधी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही हो. मीही कधी अवाक्षर काढलं नाही. सांभाळून घेतलं एकमेकांना."

लोक हसले. माईही हसली.

"असे पाय पुन्हा बघायला मिळणार नाहीत," शेजारीण म्हणाली.

वळणावरचा मोची तेवढा दाराशी गप्प बसला होता. अनवाणी माणसाचा आणि मोच्याचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. पण अण्णांचं मन मोठं. रोज सकाळी त्याच्या टपरीत डोकावून जायचे.

माई भिंतीला धरून उभी राहिली.

"मला एवढंच सांगायचंय. नवस देवाला बोललेला असतो. बोलणारा गेला म्हणून तो फिटत नाही. हा माझा लेक उभा आहे तो त्या नवसावर. आता तो मी चालवणार. मरेपर्यंत पायात काही घालणार नाही. पाऊल गेलं तर जाऊ दे. माझ्या लेकाला काही होता कामा नये."

सून हुंदका देऊन आत पळाली.

"ती पट्टी कसली, माई?" मोच्यानं विचारलं.

"अंगठा चिघळलाय. पाऊल कापावं लागेल म्हणतात."

मोची उठला. किराणावाल्यानं त्याची बाही धरली. "बस खाली. आज नको."

"मग कधी? पाय कापल्यावर?"

तो गेला आणि लगेच परतला. कापडात गुंडाळलेलं काहीतरी त्यानं माईसमोर ठेवलं. तपकिरी बुटांची जोडी होती. जुनी, पण पॉलिश चकचकीत.

"अण्णांचे आहेत. ही शेवटची जोडी. सकाळी माझ्याकडे चढवायचे, संध्याकाळी उतरवायचे. तळ झिजला की मीच नवा ठोकून द्यायचो. नवस पहिल्या उन्हाळ्यातच संपला हो, माई. चपला घाला तुम्ही."

"धडधडीत खोटं!" माईचा आवाज चिरकला. "मेलेल्या माणसावर आळ घेतोस? जीभ कशी झडली नाही तुझी?"

तिनं फेकून द्यायला एक बूट उचलला. आतलं चामडं तेलानं काळंभोर झालं होतं. वास ओळखीचा होता. ते तेल ती स्वतः कढवायची.

आता कुणीतरी ओरडेल, मोच्याची गचांडी धरेल, म्हणून ती वाट बघत राहिली. किराणावाला आपली नखं बघत होता. शेजारीण रिकामा पेला न्याहाळत होती. एवढी भरलेली खोली, पण एकाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं.

माई लेकाकडे वळली.

"तू तरी बोल रे! तुझ्यासाठी चालले ते. तुझ्या जिवासाठी. हाकलून दे ह्याला."

लेक पुढे आला. त्यानं तिच्या हातातला बूट हळूच काढून घेतला, जोडीच्या दुसऱ्या बुटाशेजारी नीट ठेवला आणि खालच्या मानेनं म्हणाला, "माझ्या पहिल्या पगाराचे आहेत हे, आई."