काचेआडची कानबाई

“कानबाईले नेसाडताना घाई करू नको पोरी, ती काय रोज येस का?” सासूचा हा जुना आवाज कानात ठेवून द्रौपदाबाईने यंदा आपली कानबाई घरी न बसवता धुळ्यातल्या एका छोट्या संग्रहालयात बसवली. नारळाला डोळे रेखले, नथ घातली, हिरवं लुगडं नेसवलं. मग पुढे काच लागली आणि पाटी आली: ‘खान्देशचे लोकदैवत. हात लावू नये.’

श्रावणातल्या रविवारी बसलेली कानबाई सोमवारी उठते आणि वाजतगाजत विसर्जनाला नदीवर जाते. ही दिवाळी उलटली तरी बसूनच होती. नारळ कुजला, काचेत मुंग्या झाल्या. संग्रहालयाचे प्रेमराज सर फायबरचा नारळ घेऊन तयार होते. पण मी बसवली, मीच उठवीन, असं द्रौपदाबाईने बजावून ठेवलं होतं.

“अक्का, आज उठवू या?”

“आज अमावास्या शे.”

पुढच्या आठवड्यात बुधवार आडवा आला, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिचा गुडघा.

“अक्का, लोक नाक धरून बघतात हो!”

“धरू द्या. बघतस तरी.”

शेवटी सर तिच्या शेजारी बाकावर टेकले. “खरं काय ते सांगा ना, अक्का.”

द्रौपदाबाईने पदराने काचेवरची धूळ पुसली.

“मना आकाशनी सुरतहून फोनवर सांगेल शे, ‘माय, कानबाई उठायच्या आत घरी येतो.’ ती उठनी तं मना पोऱ्या खोटा पडी, भाऊ.”