पालकांची तक्रार

मुख्याध्यापिकांनी मोबाईल गणिताच्या बाईंसमोर सरकवला. पडद्यावर बाईच घरच्या गच्चीवर केस मोकळे सोडून बेभान नाचत होत्या. "एका पालकांची तक्रार आलीय. शिक्षिकेला हे शोभतं का, विचारतायत." बाई गोंधळल्या. "पण माझं अकाउंट लॉक आहे. घरच्यांशिवाय कुणालाच दिसत नाही. पालकांपर्यंत हे पोचलंच कसं?" मुख्याध्यापिकांनी नजर चुकवली. "पालक घरचेच आहेत. तिसरीतल्या तुमच्या मुलीचे वडील. नाव सांगू नका म्हणाले होते." व्हिडिओ नवऱ्यानंच काढला होता. 'थांबू नकोस, मस्त दिसतेस,' म्हणत म्हणत. शाळा सुटल्यावर तो नेहमीसारखा फाटकाशी स्कूटर घेऊन उभा होता. हेल्मेट पुढं करत त्यानं साळसूदपणे विचारलं, "उशीर झाला आज?" "एका पालकांचं म्हणणं ऐकून घेत होते," बाई म्हणाल्या आणि मुलीचा हात धरून पायीच निघाल्या.