अरुंधतीचा फोटो

महिनाभर भालचंद्र केळुसकर कुडाळच्या घराच्या गच्चीवर कॅमेरा लावत होते. ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा हळूहळू फिरवणारं जुनं यंत्र त्यांनी स्वतः दुरुस्त केलं होतं. मुलीला लग्नात अरुंधती दाखवायची, फोटोत का होईना, एवढीच त्यांची इच्छा होती. आकाश उपग्रहांनी भरून गेलं ते मृण्मयीच्या जन्माआधी. तेव्हापासून नुसत्या डोळ्यांना एकही तारा दिसत नव्हता.

उपग्रहांच्या रेघांनी भरलेले शेकडो फोटो टाकून दिल्यावर एक उरला. त्यात एकच रेघ होती आणि तिच्याखाली वसिष्ठ-अरुंधतीचे दोन पुसट ठिपके.

लग्नाच्या संध्याकाळी त्यांनी तो नवरानवरीसमोर धरला.

“दिसली, बाबा!” मृण्मयीने रेघेवर बोट ठेवलं. “केवढी लखलखीत आहे हो!”

जावयाने हात जोडले. भटजी जेमतेम पंचविशीचे, त्यांनीही तारा कधी पाहिलेला नव्हता. तेही रेघेलाच नमस्कार करून मंत्र म्हणू लागले. मृण्मयीचे डोळे भरून आले होते.

केळुसकरांनी ठिपक्यांकडे नेलेलं बोट मागे घेतलं.

“होय गो,” ते म्हणाले, “तीच ती.”