शिवणीतलं कापड

"काय सर, कुठलं डाएट? आम्हालाही सांगा की!" जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात ज्याने-त्याने हेच विचारलं. खानोलकर सर नुसते हसले. पोटाच्या ऑपरेशनचं त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. पूर्ण बरे व्हाल, असं डॉक्टर म्हणत होते. सरांचा विश्वास बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते ढगळ झालेल्या पँटी घेऊन मुरकुटे टेलरकडे गेले. मुरकुट्यांनी कमरेला टेप लावली, आकडा पाहिला आणि काहीच विचारलं नाही.

"जास्तीचं कापड कापून टाका. आता कशाला लागतंय?" सर पुटपुटले.

"कापायचं नाही, सर. शिवणीत दुमडून ठेवतो. दिवाळीत अंग भरलं, की उसवून देईन."

सरांनी मनाशी महिने मोजले.

"दिवाळीपर्यंत नाही जमायचं हो," ते म्हणाले. "गुढीपाडव्याला येतो."